सरांच्या पुढे चालणारी बाई

लाँड्रीच्या जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, तिथे तिचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिवणयंत्र, एक स्टूल, भिंतीवर दोऱ्यांची रिळं आणि पुढे उचलायची फळी. फळी उचलून आत शिरायचं आणि मागे ती टाकून दिली की संध्याकाळपर्यंत सुटका नाही. उभं राहायचं तर मान वाकवून, कारण डोक्यावरून जिना गेलेला. शेजारून इस्त्रीची वाफ यायची आणि वरून लोकांची पावलं. पँटी आखूड करणं, कोटांच्या चेन बदलणं, बारीक झालेल्यांचे कपडे आत घेणं आणि जाड झालेल्यांचे सोडणं, हे तिचं काम. बोलायची फार कमी. सतत तोंडात टाचण्या धरणाऱ्या बाईकडून गप्पांची अपेक्षाच करू नये, असं लाँड्रीवाला गिऱ्हाइकांना सांगायचा.

तिचा नवरा शाळेत कवायत शिकवायचा. अख्ख्या गावाला त्याने कधी ना कधी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, त्यामुळे लहानथोर सगळे त्याला सरच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर घरात बसून काय करायचं म्हणून सरांनी रविवारचं चालण्याचं मंडळ काढलं. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी गाड्या लावायच्या, जंगलात शिरायचं, तळ्याच्या कडेने जायचं, मग चढण चढून समुद्राकडच्या कड्यावर पोचायचं. तिथे तीन ठिकाणी थांबून समुद्र बघायचा आणि पलीकडच्या जंगलातून उतरून पुन्हा गाड्यांपाशी यायचं. सुरुवातीच्या पाटीवर 'मध्यम' असं लिहिलेलं होतं. म्हाताऱ्यांनी घाबरू नये आणि तरुणांनी हसू नये, अशी ती वाट. गोल असल्यामुळे एकदा तळं मागे पडलं की परत फिरण्यात काही अर्थ नसायचा.

ती कधी त्यांच्याबरोबर गेली नव्हती. रविवारी दुकान बंद असायचं आणि सर सकाळीच बाहेर पडायचे. दोन खोल्यांच्या घरात आठवड्यातून एवढाच वेळ ती एकटी असायची. त्या वेळात ती विशेष काही करायची नाही. खिडकीतून जमिनीवर उन्हाचा एक पट्टा पडायचा, तिथे पाय लांब करून बसायची. केस मोकळे सोडायची. कधी पावाचा तुकडा हातात धरून अर्धा तास नुसती बसून राहायची. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती, तिला फोनवर एकदा तिने सांगितलं होतं की रविवार सकाळ नसती तर मी कधीच वेडी झाले असते. लेकीला ती थट्टा वाटली.

मग सरांच्या हातून चहा सांडायला लागला. कपात ओतताना नव्हे, कप उचलताना. समोर धरलेल्या वर्तमानपत्रातलं बारीकात बारीक अक्षर ते वाचायचे आणि त्याच पानाच्या शेजारी ठेवलेल्या कपाला त्यांचं कोपर लागायचं. दाराच्या कडेवर खांदा आपटायचा. रस्त्यात ओळखीच्या बाईने बाजूने हाक मारली तर ते दुसरीकडेच बघायचे. तिला आधी वाटलं, माणूस धांदरट झाला आहे. सर म्हणाले, घरच अरुंद आहे.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. एका पांढऱ्या गोलात हनुवटी टेकवायची, आत छोटे दिवे लागतील, दिसला की बटण दाबायचं. सर बराच वेळ शांत बसले आणि मग तिथल्या मुलीला म्हणाले, "तुमचं यंत्र बिघडलेलं दिसतंय. दिवे लागतच नाहीत." यंत्राच्या पलीकडे उभं राहून बायकोने पाहिलं होतं. दिवे सारखे लागत होते.

काचबिंदू होता आणि बराच पुढे गेला होता. मधलं दिसत होतं, कडांचं गेलं होतं. दरवाजा बंद असावा आणि माणूस किल्लीच्या भोकातून बघत असावा, तसं सरांचं जग उरलं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं टिकवायला थेंब घालायचे होते. बाहेर आल्यावर सर पायरीवर थांबले. पाऊल कुठे टाकायचं ते त्यांना कळेना, आणि तिचा हात धरायचा नव्हता.

गाडी त्यांनी विकून टाकली. मंडळात सांगितलं की चालणाऱ्या माणसाला गाडी कशाला हवी. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. मंडळाचं काय, असं तिने विचारलं तेव्हा ते बराच वेळ बुटांच्या नाड्यांशी खेळत बसले.

"आंधळ्याच्या मागे कोण चालणार गं?" ते म्हणाले. "एक वर्ष. एक वर्ष तू पुढे चाल. मग मी आपणहून सोडतो."

तिने हो म्हटलं. त्या वर्षाची पुढे किती वर्षं झाली, ते दोघांनीही मोजलं नाही.

युक्ती अशी होती. तिने पुढे चालायचं आणि तिच्या पाठीवर लांबूनही दिसेल असं काहीतरी असायचं. रस्त्यावरच्या कामगाराचं एक भडक नारिंगी जाकीट दुकानात पडून होतं, मालक न्यायला आलाच नव्हता. तिने त्याचा मोठा तुकडा कापला आणि स्वतःच्या पाठपिशवीवर शिवला. सरांनी फक्त तो तुकडा डोळ्यांत धरून चालायचं. पण तुकड्याकडे बघणाऱ्या माणसाला पायाखालचं दिसत नाही. ते तिला सांगावं लागणार होतं, आणि तेही कुणाला कळू न देता. नवऱ्याला "इथे मूळ आहे, पाय उचला" असं कोण सांगतं? म्हणून ती कुरकुर करायला लागली.

"अगं बाई, काय ही मुळं," असं ती म्हणाली की सर पाय उचलायचे. "माझे गुडघे" म्हणजे पायरीएवढी चढण. "घसरतंय बाई मेलं" म्हणजे ओला खडक. "डोक्यात गेली ना फांदी" म्हणजे वाका. "किती अरुंद करून ठेवलीय वाट" म्हणजे डावीकडे सरका, आणि "दमले" म्हणजे पुढे उतार आहे, हळू. सरांच्या पायांना ही भाषा महिन्याभरात पाठ झाली. ते इतके सफाईने चालायचे की मागच्यांना वाटायचं, या माणसाला वाटेचा दगड न् दगड ठाऊक आहे.

आणि जन्मभर न बोललेल्या बाईचं नाव मंडळात रेडिओ पडलं.

हे नाव पोस्टमनकाकांनी ठेवलं. काका म्हणजे सरांचे बाळपणापासूनचे मित्र. टपाल वाटून वाटून त्यांचे पाय लोखंडाचे झाले होते आणि आता गाडी नसलेल्यांना आपल्या जुन्या गाडीत कोंबून पायथ्याशी आणायचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस मनाने चांगला, पण विनोद सुचला तर गिळून टाकणं त्यांना जमत नसे. वहिनींचे गुडघे चढावरच दुखतात, सँडविच खाताना बरे असतात, असं ते म्हणायचे. सगळे हसायचे. सरही हसायचे. तिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

एकदा दुकानात कपडे घालून बघायच्या पडद्याआड एक गिऱ्हाईक स्कर्ट घालून बघत होतं आणि बाहेर उभ्या मैत्रिणीशी बोलत होतं. मैत्रीण मंडळातल्या कुणाची तरी बहीण असावी. आत यंत्राशी कोण बसलं आहे याचा दोघींना पत्ता नव्हता. सरांची काय सहनशक्ती आहे बघ, मैत्रीण सांगत होती, अख्खी वाट ती बाई रडत असते आणि हा माणूस एका शब्दाने तोडत नाही. मी असते तर कड्यावरून ढकलली असती. पडदा सरकला तशी ती गुडघ्यांवर बसली आणि स्कर्टची उंची खडूने आखायला लागली. "एवढी ठीक आहे?" तिने विचारलं. ठीक होती.

रात्री जेवताना तिने सरांना हे सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? त्यांना वाईट वाटलं असतं, आणि रविवारी पुन्हा मुळं होतीच.

कड्यावरचा समुद्र तिने इतक्या फेऱ्यांत नीट पाहिला नव्हता. सगळे समोर बघायचे तेव्हा ती खाली, सरांच्या बुटांकडे बघत असायची. काठापासून ते किती लांब आहेत, पाठीमागे कुणी त्यांना धक्का लागेल असं उभं आहे का, हातातला कप कुणीतरी त्यांच्या उजवीकडून पुढे करतंय का. आणि सर समुद्र वर्णन करून सांगत असायचे. ते बेट, ती बोटींची रांग, तो पांढरा दिवा. आठवणीतून सांगायचे, पण छान सांगायचे.

एका वर्षी थंडी पडायच्या सुमारास मंडळात एक नवीन बाई आली. एका मोठ्या कंपनीच्या हेल्पलाइनवर तिने नोकरीची सगळी वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकण्यात घालवली होती. कानाला हेडफोन लावून, दिवसभर, आणि कुणावरही आवाज न चढवता. आता निवृत्त झाली होती आणि तिला फक्त शांतता हवी होती, असं तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. पोस्टमनकाकांनी तिला लगेच हेल्पलाइन म्हणायला सुरुवात केली. पहिली फेरी तिने सोसली, दुसरी सोसली. तिसऱ्या फेरीला धुकं होतं.

जंगल संपून वाट तळ्याशी येते तिथे पाण्यावर लाकडी फळ्या टाकून लांब पूल केलेला आहे. त्याला कठडा नाही. दोन्हीकडे लव्हाळे आणि पाणी. फळ्या ओल्या होत्या आणि ती नेहमीप्रमाणे "घसरतंय बाई मेलं" असं म्हणत पुढे निघाली होती. तेवढ्यात हेल्पलाइनवाली तिच्याजवळ आली.

"वहिनी, राग मानू नका," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "एवढ्या तळ्यापुरतं गप्प राहता येईल का? पाखरं ऐकू येतील."

मागचे सगळे थांबले. कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. तिने वळून सरांकडे पाहिलं. आता ते काहीतरी म्हणतील, बोलू दे तिला, असं काही. सर हसले.

"मी लग्न झाल्यापासून सांगतोय," ते म्हणाले. "तुम्ही बघा जमतंय का."

पोस्टमनकाका खो खो हसले. ती म्हणाली, "बरं." आणि चालू लागली.

ती भराभर चालली. फळ्यांवर तिचे बूट वाजत होते, मागचे बूट हळूहळू लांब गेले. पूल जिथे वळतो तिथे ती वळली, लव्हाळ्यांआड गेली आणि पलीकडच्या काठावर एक बाक होता त्यावर बसली. त्या बाकावर ती आजवर कधी बसली नव्हती. समोर पाणी होतं, त्यावर धुकं तरंगत होतं आणि एक काळा पक्षी मान खाली घालून सूर मारत होता. केवढा वेळ बसली, तिला सांगता आलं नसतं. आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि त्यापाठोपाठ हेही की मागून पावलं येत नाहीत.

लव्हाळे बाजूला करून तिने पाहिलं. पुलाच्या मधोमध सगळे एका रांगेत उभे होते. सरांनी हात वर केला होता. नंतर तिला कळलं की त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून जंगल ऐकायला सांगितलं होतं. सगळ्यांनी भक्तिभावाने डोळे मिटले होते. उघडे होते ते फक्त सरांचे. ते मान न हलवता समोरच्या पांढऱ्या धुक्यात नारिंगी तुकडा शोधत होते.

ती परत गेली. दुसरं काय करणार होती? तिथून त्यांना पुढे जाता येत नव्हतं, मागे वळता येत नव्हतं, आणि तिलाही नाही. ती जवळ येताच सरांनी हात खाली घेतला आणि मंडळी म्हणाली की इतकी सुंदर दहा मिनिटं आम्ही आयुष्यात अनुभवली नाहीत. सर खालच्या आवाजात म्हणाले, "कुठे गेली होतीस?" चढावर ती फक्त दिसण्यापुरती पुढे चालली, तोंडाला कुलूप लावून. सर दोनदा अडखळले. दुसऱ्यांदा गुडघ्यावर पडता पडता वाचले आणि कुणीतरी म्हणालं, "सर, आज वहिनींचे गुडघे तुम्ही घेतलेत वाटतं."

ते त्यांना लागलं असावं. कड्यावर पहिल्या ठिकाणी थांबून पाणी पिऊन झाल्यावर, ती पिशवी बंद करते आहे तोवर ते तिला ओलांडून पुढे निघाले. ताठ मानेने, कवायतीच्या चालीने. मंडळी मागोमाग. तिथली वाट त्यांना खरोखरच पाठ होती. पण मागच्या पावसात तिचा एक लचका समुद्राकडे तुटून गेला होता आणि लोकांनी झुडपांतून वळसा घालून नवी वाट पाडली होती. जुन्या वाटेच्या तोंडाशी एक दोरी बांधलेली होती. एका टोकाला ती सुटून खाली लोंबत होती.

सर सरळ गेले. मागचे धुक्यात बोलत येत होते, कुणाचंच लक्ष नव्हतं. तिने पाहिलं की ते दोरीवरून पाऊल टाकून पुढे जाताहेत, आणि ती गप्प राहिली. एक क्षण. त्या क्षणाबद्दल ती पुढे कधीच कुणाशी बोलली नाही.

"अहो, थांबा. पुढे वाट नाही."

हा आवाज मंडळाने कधी ऐकला नव्हता. तो कुरकुरीचा नव्हता. सर जागच्या जागी थांबले, पण "माहीत आहे मला" असं म्हणून त्यांनी आणखी अर्धं पाऊल टाकलं. तोपर्यंत तिने धावत जाऊन त्यांच्या पिशवीचा पट्टा धरला होता आणि सगळं अंग मागे टाकलं होतं. त्यांच्या बुटाखालचे खडे निसटले आणि खाली कुठेतरी वाजत गेले. दोघं मागे येऊन गवतात बसली. तिने पट्टा सोडला नाही.

मंडळी भोवती जमली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्यांनी पँट झटकली आणि हसण्याचा प्रयत्न केला. "हिला उंचीची भीती वाटते," ते म्हणाले. "मला जरा बघायचं होतं किती तुटलंय ते." पोस्टमनकाका हसले, पण मनापासून नाही. हेल्पलाइनवाली अजिबात हसली नाही. ती त्या लोंबत्या दोरीकडे बघत होती.

तिथून गाड्यांपर्यंत अजून बरीच वाट होती. ती पुढे चालली आणि पहिल्याच मुळाशी तिने म्हटलं, "अगं बाई, काय ही मुळं."

तीनचार दिवसांनी हेल्पलाइनवाली दुकानात आली. कोटाची चेन अडकते म्हणाली. चेनला काही विशेष झालं नव्हतं. चेन वरखाली करून बघेपर्यंत ती फळीवर हात ठेवून उभी राहिली.

"मी इतकी वर्षं तक्रारी ऐकल्या," ती म्हणाली. "तक्रार करणारा माणूस बोलून झालं की थांबतो. समोरचा काय म्हणतो ते त्याला ऐकायचं असतं. तुम्ही थांबत नाही. गुडघे दुखतात म्हणता आणि पुढचा दगड बघता."

हिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने मान हलवली, त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

"सरांना किती दिसतं?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती किती वर्षं थांबली होती, हे तिला त्या क्षणी कळलं. खरं सांगितलं तर रेडिओ बंद. रविवार मोकळा. पण त्याबरोबर तिला सगळं पुढचंही दिसलं. मंडळ नाही, म्हणजे सर घरी. दोन खोल्या, एक खुर्ची, आणि तिच्या येण्याजाण्याच्या आवाजाकडे कान लावून बसलेला माणूस. आत्ता ते आठवड्यातून एकदा तरी सर होते. तिने एक एक टाचणी तोंडातून काढून उशीत खोचली.

"सरांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं," ती म्हणाली. "पेपरातलं बारीक अक्षर चष्मा न लावता वाचतात."

पेपरापुरता त्यात एक शब्दही खोटा नव्हता. कोट परवा मिळेल, असं तिने सांगितलं. हेल्पलाइनवाली जराशी उभी राहिली, मग बरं म्हणून गेली.

त्या रविवारी हेल्पलाइनवालीने आपण होऊन रांगेत दुसरा नंबर धरला आणि जंगलात शिरताच मोठ्याने कण्हायला सुरुवात केली. आई गं माझी टाच, देवा काय हे दगड. पोस्टमनकाकांनी कपाळाला हात लावला आणि आता दोन स्टेशनं लागली म्हणाले. मदतीचा हेतू चांगला होता, पण बाईला जमत नव्हतं. दगड मागे गेल्यावर ती कण्हायची, आणि नुसत्या सपाटीवर "किती हा चढ" म्हणायची, त्यामुळे सर हवेत पाय उचलायचे. हिला निम्म्या वेळा तिचं खोडून काढावं लागायचं. तरी तळ्याच्या अलीकडे एक सरळ पट्टा होता, तेवढ्यात ही काही न बोलता चालू शकली. दोघी त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत.

असं आणखी वर्षभर चाललं असेल. शेवटी गुपित फुटलं ते अगदी साध्या रीतीने. पोस्टमनकाका मोतीबिंदू दाखवायला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले आणि बाकावर सर बसलेले, डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टाकून. शेजारी ती. काका समोर येऊन उभे राहिले. त्यांनी हाक मारली नाही, नुसता हात सरांच्या बाजूला नेऊन हलवला. सरांची पापणी हलली नाही. काकांनी हात खाली घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

"सगळी मुळं," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी?"

तिने मान हलवली. काका तिथेच बाकावर बसले आणि रुमाल शोधायला लागले. सर म्हणाले, "कोण आहे?" आणि मग आवाजावरून ओळखून त्यांनी डोळे मिटून घेतले.

काकांना विनोद गिळता येत नव्हता तसंच हेही येणार नव्हतं. पुढच्या रविवारी मंडळाला सगळं माहीत होतं. बायकांनी तिचे हात हातात घेतले, एकीने तर मिठी मारून रडून घेतलं. आणि मग सगळे सरांना जपायला लागले. दगड आला की दहा जण ओरडायचे. सर दगड, सर फांदी, सर डावीकडे, नाही नाही उजवीकडे. एक जण कोपर धरायचा, दुसरा पिशवी घ्यायला बघायचा. कड्यावर त्यांना काठापासून इतकं लांब बसवलं की समुद्राचा आवाजही नीट येईना. बेट कुठे आहे ते त्यांना कुणी विचारलं नाही. सरांनी तीन रविवार काढले. चौथ्या रविवारी ते उठलेच नाहीत.

हेल्पलाइनवालीने विचारलं त्या दिवशी दुकानात तिला पुढचं जे दिसलं होतं, ते सगळं तसंच झालं. वर आणखी एक झालं, जे तिला दिसलं नव्हतं. सरांना घरी एकटं राहवेना. ते तिच्याबरोबर दुकानात यायला लागले. जिन्याखाली एकाला पुरेल एवढीच जागा, तिथे दुसरं स्टूल आलं. ते यंत्राच्या कडेला गुडघे जवळ घेऊन बसायचे आणि वरून कोण गेलं ते पावलांवरून ओळखायचे. तिला कात्री हवी असली तर त्यांच्या अंगावरून वाकावं लागायचं. गिऱ्हाईक बायका पडद्याआड जायला बिचकायला लागल्या. लाँड्रीवाल्याने एकदा तिच्याकडे बघून नुसत्या भुवया वर केल्या.

बुधवारी दुपारी दुकान बंद असायचं. एका बुधवारी सरच म्हणाले, आपण दोघं जाऊ फेरीला, बसने. कुणी नको. ती गेली. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळे ते तिचं कोपर धरून चालले आणि ती मूळ असेल तिथे मूळ म्हणाली. कड्यावर दुसऱ्या ठिकाणी पोचल्यावर त्यांनी विचारलं, काय दिसतंय.

तिने वर पाहिलं. समुद्र करडा होता. एके ठिकाणी ऊन पडलं होतं आणि ती जागा पुढे सरकत होती. ती काय सांगावं याचा विचार करत राहिली.

"पाणी आहे," ती म्हणाली.

"नीट सांग की. बेट?"

"उजवीकडे आहे."

"डावीकडे," सर म्हणाले. "बेट डावीकडे आहे."

बेट उजवीकडेच होतं, ती बघत होती. त्यावरून दोघांची बाचाबाची झाली, तिथे कड्यावर, वाऱ्यात, एकमेकांचं कोपर धरून. रागाने हात सोडून चालू लागायची तिथे सोय नव्हती. पुढे गेलं काय आणि मागे फिरलं काय, घर सारखंच लांब होतं. शेवटी ती म्हणाली, असेल डावीकडे, आणि दोघं उतरायला लागली.

हेल्पलाइनवाली दुकानात येत राहिली होती, कधी बटण लावायला, कधी काहीच नसताना. सरांच्या समोरच तिने एकदा सांगितलं की मी मंडळ सोडलंय, फार बोलतात. रविवारी मी सरांना घेऊन जाईन, मला सोबत होईल. सर लगेच म्हणाले, "हिच्याशिवाय मला जमणार नाही." हे कौतुक असल्यासारखं म्हणाले आणि तिच्या दिशेने हसले.

तिचं यंत्र चालू होतं. तिने शिवण पूर्ण केली, दोरा तोडला.

"जमेल," ती म्हणाली. "एक रविवार तिच्याबरोबर जायचं, एक माझ्याबरोबर. तिच्या रविवारी मी घरी झोपणार."

वरून कुणीतरी जिना उतरून गेलं. मग सरांनी विचारलं, की तुला कंटाळा आलाय का माझा. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता आणि तिसरं माणूस समोर उभं होतं. ती म्हणाली, "हो. कधी कधी येतो. पँटीचाही येतो." हेल्पलाइनवालीने दुसरीकडे तोंड फिरवलं.

पहिल्या तसल्या रविवारी सर तयार होताना ती अंथरुणातच होती. ते बूट शोधत होते. बूट त्यांच्या डाव्या पायापाशी होता आणि ते उजवीकडे चाचपत होते. ती बघत राहिली, उठली नाही. बूट सापडला. खाली हाक आली, जिन्यावर त्यांचा हात कठडा घासत उतरत गेला आणि दार लागलं.

दुपारी ते आले ते तळहात खरचटून, पँटीला चिखल लावून आणि तक्रारींचं गाठोडं घेऊन. ती बाई काही सांगतच नाही, नुसतं पाय उचला म्हणते. तळ्याशी अर्धा तास बसवून ठेवलं. पुलावरून चालताना मध्येच गप्प होते. सँडविचमध्ये मीठ नव्हतं. ते संध्याकाळपर्यंत बोलत होते. तिने गरम पाण्याने त्यांचा हात पुसला, त्यांची पँट भिजत टाकली.

"पुढच्या रविवारी तू येणार ना?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या येणार," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या नाही."

अजून तसंच चालू आहे. सोमवारी सकाळी दोघं लाँड्रीत येतात, ती फळी उचलून धरते, सर डोकं सांभाळून आत शिरतात आणि स्टूल भिंतीला सरकवतात. मग ती आत जाते आणि फळी टाकते.